राखेतलं माप

नमुना क्रमांक सात. गाव सत्रासेन, तालुका चोपडा.
प्राणी : श्वान. जात :
इथे आम्ही सगळे ‘गावठी’ लिहितो
आणि पुढच्या रकान्यावर जातो.

सकाळपासून तेरा झाले.
तेरा वेळा थर्मासचं झाकण, तेरा वेळा बर्फाची वाफ,
कुणी अंगावर आलं, कुणी शेपूट पोटाशी घेऊन थरथरलं.
चौदावा उकिरड्यावर होता.

रंग विचारतात. काय लिहू?
पिवळा म्हणावा तर हळद नाही,
तांबडा म्हणावा तर वीट नाही;
दादरच्या कडब्याला उन्हात पडून जो रंग येतो,
वरून भाजलेला, आत अजून थोडा गोड,
तो.
चारही पाय पांढरे,
चुन्याच्या डबक्यातून नुकताच चालत आल्यासारखे,
आणि शेपटीच्या टोकाला तोच चुना, पुसायचा राहिलेला.

कान उभे. म्हणजे उभेच.
झोपेतही एक गावाकडे, एक सातपुड्याकडे.
डोकं पाचरीसारखं, कानांमध्ये रुंद, पुढे निमुळतं.
जांभई दिली तेव्हा सुळे दिसले,
एवढ्याशा तोंडात एवढे लांब
की मी माझी बोटं नकळत मुठीत घेतली.
छाती अरुंद. पोट वर ओढलेलं,
ज्याला रोज भाकर मिळत नाही त्याचं असतं तसं,
किंवा ज्याला पळायचं असतं.

धुळ्याच्या प्रशिक्षणात एकदा पडद्यावर
डिंगो दाखवला होता, ऑस्ट्रेलियातला.
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं,
“मॅडम, हाऊ ते आमना बोरकुंडना शे!”
सगळे हसले. मीही.
सर सांगत होते, हा मनगट वळवतो, दाराची कडी काढतो,
भुंकतो कमी, लांबवर रडतो जास्त,
मादी वर्षातून एकदाच विते.
पुढचं चित्र गायीच्या खुरांचं होतं.

“हाऊ कोना शे?” मी विचारलं.
उखर्डूदादांनी विझलेली बिडी कानावर ठेवली.
“कोनाच नही. हाऊ आठेच ऱ्हास.”
मग हळूच, याची माय कोळसुंद्यांत गेली होती म्हणे.
तसं होत नाही, दादा, मी म्हणाले,
कोळसुंद्याचे कान गोल, शेपूट काळं, झुपकेदार,
आणि खालच्या जबड्यात एकेक दाढ कमी.
“दाढा कोनी मोज्यात?”

दादांचं नाव उखर्डू,
कारण आधीची तीन भावंडं पाळण्यातूनच गेली,
आणि यांना जन्मल्या दिवशी सुपात घालून
ह्याच उकिरड्यावर ठेवलं होतं घटकाभर,
कोणाचंच नाही हे पोर, असं मरणाला वाटावं म्हणून.

मी टेप काढली.
तो उठला. घाई नाही.
पुढचे पाय लांब करून पाठ खाली दाबली,
खांदा न हलवता मान पार मागे वळवली, बघितलं,
आणि पऱ्हाट्यांच्या कुडातून,
जिथून माझी मूठही गेली नसती,
तिथून गेला. एक काटकी वाजली नाही.

राहिला राखेतला खड्डा.
मी गुडघ्यावर बसले.
या कडेपासून त्या कडेपर्यंत एकवीस इंच.
कोपराची खूण. पाठीची कमान.
शेपटीची रेघ फिरत येऊन नाकाशी थांबलेली.
एक केस, बुडाशी फिका, टोकाशी काळा.
तळहात ठेवला. अजून ऊब होती.

उंचीच्या रकान्यात लिहिलं : राखेत चार बोटं खोल.
साहेब विचारतील.

मालकाच्या रकान्याशी पेन थांबलं तेव्हा
दादा म्हणाले, “लिख मन्हं नाव.
सकाय भाकर टाकसू. तू तठे उभी ऱ्हाय, माय.”

मी थर्मास उघडून बघितला,
एका कुपीपुरता बर्फ
उद्यापर्यंत टिकेल का.